चालीतील बदल आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची सुरुवात

वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या व देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने एखाद्या व्याधीची सुबोध ओळख करून देण्याचा प्रघात आपल्या रुग्णालयाने सांभाळला आहे. यंदा निवडलेली व्याधी मधुमेह किंवा रक्तदाबासारखी घरोघरी आढळणारी नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, संक्षेपाने एम.एस., हे नाव अनेक वाचक कदाचित प्रथमच वाचत असतील. तरीही ती निवडण्याचे कारण असे, की अहवाल वर्षात या व्याधीच्या एका रुग्णामुळे आम्हांला आपल्याच कामकाजातील एक उणीव दिसून आली, आणि ती झाकून ठेवण्यापेक्षा देणगीदार व विश्वस्त यांच्यापुढे मांडणे आम्हांला उचित वाटले. मजकुरातील वैद्यकीय भाग न्यूरॉलॉजिस्ट व फिजिओथेरपी विभाग यांच्याकडून तपासून घेतला आहे. मांडणी मात्र आमची, म्हणजे वाणिज्य शाखेत शिकलेल्या व्यवस्थापकाची आहे. ती कोठे ओबडधोबड वाटल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

त्या भगिनी तिशीच्या आतल्या, एका खेड्यातील अंगणवाडीत काम करणाऱ्या. आपली तक्रार सांगतानाही त्यांना संकोच वाटत होता. उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटते, आणि ती निसटल्याचे चार पावले पुढे गेल्यावर कळते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. घरी याला वेंधळेपणा म्हटले गेले होते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात त्या प्रथम आल्या तेव्हा डॉक्टरांनी त्यांना चालून दाखवायला सांगितले. टेबलापासून दारापर्यंत सात-आठ पावले. चाल सरळ होती. अशक्तपणाच्या गोळ्या देऊन त्यांना परत पाठविण्यात आले.

दुसऱ्या खेपेस त्या आल्या तेव्हा मे महिना होता. आमची इमारत एका आराखड्याने उभी राहिलेली नाही. देणग्या मिळत गेल्या तशी ती वाढत गेली. परिणामी नोंदणीची खिडकी एका टोकाला, रक्ततपासणी दुसऱ्या टोकाला आणि औषधांचा काउंटर मागच्या इमारतीत, अशी स्थिती आहे. तक्रारपुस्तिकेत या पायपिटीबद्दल दरवर्षी नोंदी होतात आणि दरवर्षी आम्ही त्यांवर ‘नोंद घेतली’ असा शेरा मारतो. त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास, त्यांची तिसरी फेरी चालू असताना, वॉर्डातील एका मावशींनी त्यांना पाहिले आणि फिजिओथेरपी विभागाच्या दारात जाऊन सांगितले, “मॅडम, ती बाई सकाळी चांगली चालत आली होती. आता बघा, उजवा पाय फरफटतोय.”

फिजिओथेरपिस्ट बाहेर आल्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले (ते पुढे येतील) आणि त्यांना थेट न्यूरॉलॉजिस्टकडे नेले. एम.आर.आय. झाला, पाठीतील पाणी तपासले गेले आणि एम.एस.चे निदान झाले. मागील इतिहास विचारता असे निघाले, की दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा डोळा दुखून तीन आठवडे अंधूक दिसत होते आणि ते आपोआप बरे झाले होते. तेव्हा चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून झाला होता. त्या डोळ्याचा आणि या चपलेचा संबंध कोणी जोडला नव्हता, आणि सामान्य माणसाला तो सुचण्यासारखाही नव्हता.

एम.एस. ही मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे नेत्रतंतू यांची व्याधी आहे. मज्जातंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते. विजेच्या तारेवरील वेष्टनाशी त्याची तुलना नेहमी केली जाते, पण ती अर्धीच खरी आहे. हे वेष्टन सलग नसते, खंडाखंडांचे असते, आणि संदेश एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंत उड्या मारीत जातो. त्यामुळेच वेगवान तंतूंतून तो सेकंदाला १०० मीटरपर्यंतच्या गतीने धावू शकतो. एम.एस.मध्ये शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून याच वेष्टनावर हल्ला करते. ज्या ठिकाणी ते उसवते तेथे संदेश मंदावतो, कधी अजिबात अडतो. कालांतराने तेथे कठीण चट्टा उरतो, आणि खुद्द तंतूही तुटू शकतो. फ्रेंच वैद्य ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली पॅरिसमध्ये हे चट्टे आणि रुग्णांची लक्षणे यांची सांगड घातली. व्याधीचे नावही या चट्ट्यांवरूनच पडले.

जगभरात सुमारे २८ लाख लोक या व्याधीसह जगत असल्याचा अंदाज २०२० साली मांडण्यात आला. स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून कमी नाही, आणि सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते. आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने रुग्ण कमी. मात्र पारशी समाजात ती इतर भारतीयांपेक्षा अधिक आढळते, हे मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पुढे आले. व्याधी संसर्गजन्य नाही. विवाह व मातृत्व यांना ती आडवी येत नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण मुलीचे लग्न मोडेल या भीतीने निदान लपवून ठेवणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

आता चालण्याकडे वळू. मेंदूपासून पायाकडे जाणारे तंतू शरीरातील सर्वांत लांबच्या वाटांपैकी आहेत. वाट जितकी लांब, तितकी तिच्यावर कोठे तरी चट्टा पडण्याची शक्यता अधिक. शिवाय चालणे हे एकट्या स्नायूंचे काम नव्हे. पायातील शक्ती, स्नायूंचा सैलपणा वा ताठरपणा, तळव्याचा स्पर्श, सांध्यांच्या स्थितीची जाणीव, लहान मेंदूने सांभाळलेला तोल आणि डोळ्यांनी दाखविलेली वाट या सर्वांची ती बेरीज असते. यांतील एक रक्कम घटली की बेरीज बदलते. कोणती रक्कम घटली, हे चुकीच्या प्रकारावरून ओळखावे लागते.

फिजिओथेरपिस्टनी विचारलेला पहिला प्रश्न होता, “चप्पल निसटते ते तुम्हांला लगेच कळते का?” आपल्याकडील वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा प्रश्न मुद्दाम शिकविला जातो. चप्पल निसटताना कळते पण धरून ठेवता येत नाही, तर पायाची शक्ती घटली आहे. निसटली तरी कळतच नाही, तर पायाची जाणीव घटली आहे. पायात बूट घालणाऱ्या देशांच्या पुस्तकांत हा प्रश्न शोधून सापडायचा नाही. दुसरा प्रश्न होता, “बेसिनपाशी तोंड धुताना तोल जातो का?” तोंडावर पाणी मारताना आपण डोळे मिटतो. पायांकडून येणारी जाणीव कमी झालेली असेल, तर तोवर डोळेच तोल सावरत असतात. ते मिटताच शरीर डोलते. रात्री वीज गेल्यावर किंवा अंधाऱ्या बोळात पाऊल अडखळते, त्याचेही कारण हेच.

याशिवाय घरच्या माणसांच्या नजरेस येऊ शकतील अशा खुणा पुष्कळ आहेत. पायाचा चवडा पुरेसा उचलला जात नसेल, तर उंबरठ्याला अंगठा अडतो, साडीच्या निऱ्यांत पाऊल गुंतते, फरशीवर एकाच पायाचा फटफट आवाज येतो आणि एकाच चपलेचे टोक लवकर झिजते. जोडे शिवणाऱ्या कारागिराला हे डॉक्टरांच्या आधी कळत असावे, असे आमचे मत झाले आहे. स्नायू ताठर होत असतील, तर बराच वेळ बसून उठल्यावर पाय लाकडासारखा वाटतो आणि जिना चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते. लहान मेंदूच्या वाटेवर चट्टा असेल, तर माणूस पाय फाकवून, वळताना भिंतीचा आधार घेत चालतो. दारूला न शिवलेल्या माणसाविषयी शेजारी भलतेच बोलू लागतात. काहींना मान खाली वाकवताच पाठीतून पायापर्यंत विजेसारखी शिरशिरी जाते. फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट लेर्मित यांच्या नावाने ते लक्षण ओळखले जाते. चालता चालता बोलण्याची किंवा हिशेब करण्याची वेळ आली की गती एकदम उतरते, हेही एक सूक्ष्म लक्षण आहे.

परंतु या सर्व खुणांहून महत्त्वाची बाब अशी, की आरंभीच्या काळात त्या सतत दिसत नाहीत. वेष्टन उसवलेल्या तंतूतून संदेश जेमतेम जात असतो. अंतर वाढले, थकवा आला किंवा शरीर तापले की तो अडू लागतो. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उटहोफ यांनी १८९० साली असे रुग्ण नोंदविले, की श्रम केल्यावर त्यांची दृष्टी काही काळ मंदावत असे. पुढे समजले, की त्यामागे उष्णता आहे. शरीराचे तापमान अर्धा अंश वाढले तरी काही रुग्णांत एवढा फरक पडतो. एम.आर.आय. नसण्याच्या काळात रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणे उमटतात का, हे पाहत असत. विश्रांती घेतली, अंग निवले, की चाल पूर्ववत होते, आणि या उष्णतेने नवी इजा होत नाही. म्हणूनच त्या भगिनी सकाळच्या गारव्यात सात-आठ पावले निर्दोष चालल्या आणि मे महिन्याच्या दुपारी, तिसऱ्या फेरीला, त्यांचा पाय फरफटला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आम्ही त्यांतली एकच पाहिली होती.

घरोघरी याचा अर्थ वेगळा लावला जातो. सकाळी बाजारहाट करून आलेली सून संध्याकाळी स्वयंपाकाला उभी राहू शकत नाही, तेव्हा ‘सोंग’ हा शब्द चटकन ओठांवर येतो. एम.एस.मधील थकवा हा कामाच्या मानाने येणारा थकवा नसतो. तोही व्याधीचाच भाग आहे. रुग्णांच्या नातेवाइकांना आमची एवढीच विनंती आहे, की ‘आता चालून दाखव’ असे म्हणण्याऐवजी ‘किती चालल्यावर त्रास होतो’ असे विचारावे. शक्य झाल्यास ती चाल मोबाईलवर चित्रित करून डॉक्टरांना दाखवावी.

मापनातही हाच पेच आहे. अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ साली मांडलेली शून्य ते १० अशी श्रेणी जगभर वापरली जाते. तिच्यात ४ हा अंक मिळालेला रुग्ण आधाराशिवाय व न थांबता सुमारे ५०० मीटर चालू शकतो. ६ म्हणजे १०० मीटर चालण्यास काठीचा आधार. ७ म्हणजे बव्हंशी चाकाची खुर्ची. चारच्या खाली चालण्याची मर्यादा हिशेबात येतच नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर या खतावणीत लहान रकमांसाठी रकानाच नाही. मेलबर्न येथील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र, ज्यांच्यात तपासणीत अपंगत्व दिसत नव्हते अशा आरंभीच्या रुग्णांचीही चाल यंत्रांनी मोजली असता ती निरोगी व्यक्तींहून मंद, आखूड पावलांची आणि दोन्ही पाय अधिक वेळ जमिनीवर ठेवणारी आढळली. बदल होता, तो पाहण्याजोगे माप टेबलापासून दारापर्यंतच्या अंतरात नव्हते.

यंत्रशाळा उभारणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, पण दोन साध्या चाचण्यांना घड्याळाखेरीज काही लागत नाही. पहिलीत २५ फूट, म्हणजे ७.६२ मीटर, अंतर शक्य तितक्या जलद पण सुरक्षितपणे चालावयाचे असते. त्याच रुग्णाच्या वेळेत २० टक्क्यांचा फरक पडला तर तो दखलपात्र मानतात. दुसरीत सहा मिनिटांत किती अंतर कापले जाते ते मोजतात, आणि पहिल्या मिनिटाची व शेवटच्या मिनिटाची चाल ताडून पाहता येते.

चाल बदलली म्हणजे एम.एस.च, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. आपल्याकडे ‘बी-१२’ जीवनसत्त्वाच्या अभावाने, विशेषतः शाकाहारी कुटुंबांत, पायांची जाणीव जाऊन अगदी असेच तोल जाणे दिसते, आणि ते वेळीच ओळखल्यास सुधारते. मणक्याचा क्षयरोग, मानेच्या मणक्यांत दबलेला मज्जारज्जू, तसेच एम.एस.शी साम्य असलेला परंतु वेगळ्या उपचाराचा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा विकार, या शक्यता न्यूरॉलॉजिस्ट आधी तपासतात. एम.एस.च्या काही औषधांनी हा शेवटचा विकार बळावू शकतो, त्यामुळे घाईचे निदानही घातकच. काही तासांत वा दिवसांत पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर मात्र कोणत्याही कारणाने थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

एम.एस.च्या बहुतांश रुग्णांत व्याधी झटक्याझटक्याने येते. नवे लक्षण निदान २४ तास टिकले आणि त्यामागे ताप वा जंतुसंसर्ग नसला, तर डॉक्टर त्याला ‘रिलॅप्स’ म्हणतात. उन्हात तासभर पाय जड झाला, तो रिलॅप्स नव्हे. झटक्यात शिरेतून तीन ते पाच दिवस स्टेरॉइड देतात. त्याने बरे होण्याची गती वाढते, पण पुढचे झटके टळत नाहीत. ते टाळण्यासाठी वेगळी औषधे आहेत. त्यांतील पहिले, इंटरफेरॉन, अमेरिकेत १९९३ साली मान्य झाले. त्याआधी व्याधीची वाटचाल बदलणारे औषधच नव्हते. आज गोळ्या, इंजेक्शने व शिरेतून द्यावयाची औषधे मिळून अनेक पर्याय आहेत. झालेले नुकसान भरून काढणे त्यांना फारसे जमत नाही. पुढचे रोखणे जमते. आरंभीच्या सात-आठ पावलांची चूक आम्हांला एवढी बोचते ती याचसाठी.

फिजिओथेरपीविषयी एक जुना समज दूर व्हावा. पूर्वी या रुग्णांना श्रम टाळण्यास सांगत. आता बेताचा, नियमित व्यायाम सुरक्षित व हितकारक मानला जातो. त्याने झटके येत नाहीत. व्यायाम सकाळी लवकर, पंख्याखाली, मधे विश्रांती घेत करावा. पाय न उचलला जाणाऱ्यांना घोट्याचा हलका प्लास्टिकचा आधार मिळाला की उंबरठे सुटतात, आणि निसटत्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेले सँडल हा सर्वांत स्वस्त उपाय. तंबाखूचे धूम्रपान व्याधी वाढवते; ते सोडावे.

आता आमच्या हिशेबाकडे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने एम.एस.चा समावेश २१ अपंगत्वांत केला, ही मोठी गोष्ट झाली. पण बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्वाची अट असल्याने सकाळी नीट चालणारा रुग्ण तिच्यात बसत नाही. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात, आणि आपण त्या राखतो. परंतु त्यामुळे दानाचे आमचे माप खाट हेच होऊन बसले आहे. आरंभीचा एम.एस. रुग्ण खाटेवर वर्षातून फार तर दोन-चार दिवस असतो. त्याचा खर्च वर्षभर, घरी राहून होत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली एम.एस.साठीची तीन औषधे अत्यावश्यक यादीत घेतली. त्यांतील रिटुक्सिमॅब हे मुळात काही कर्करोगांसाठीचे औषध असून त्याच्या भारतीय आवृत्ती तुलनेने स्वस्त आहेत. तरीही अंगणवाडीच्या मानधनात ते बसत नाही. खाटेशी न जोडलेला, बाह्यरुग्णांच्या दीर्घ उपचारांसाठीचा स्वतंत्र निधी असावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. देणगीदारांनी त्यासाठी वेगळा उल्लेख करून रक्कम दिल्यास ती त्याच खाती जमा होईल. १९८५ साली स्थापन झालेल्या आणि मुख्यालय मुंबईत असलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेकडेही रुग्णांना मार्गदर्शन मिळते.

बाकीची कामे रंगाच्या एका डब्यात आणि थोड्या लाकडात झाली. तळमजल्याच्या लांब व्हरांड्यात २५ फुटांची रेषा आणि पुढे दर पाच मीटरला पट्टा आखला आहे. पायांविषयी तक्रार असलेला रुग्ण आता खोलीत नव्हे, तेथे चालतो, आणि शक्यतो दिवसातील कामे आटोपल्यावर. प्रवेशद्वाराची गुळगुळीत ग्रॅनाइटची फरशी एका कुटुंबाने प्रेमाने दिली आहे. त्यांच्या संमतीने तिच्यावर रबरी पट्टी बसविली. औषधांच्या काउंटरपर्यंतच्या वाटेवर चार ठिकाणी हात असलेल्या खुर्च्या ठेवल्या. काउंटर पुढच्या इमारतीत आणण्याचे काम मात्र निधीअभावी राहिले आहे.

त्या भगिनी आता दर सहा महिन्यांनी सकाळी आठला औषधासाठी येतात आणि अंगणवाडीत कामावर आहेत. गेल्या खेपेस त्यांनी तक्रारपुस्तिका मागून घेतली व लिहिले, की तिसऱ्या आणि चौथ्या खुर्चीमधील अंतर जास्त आहे. आम्ही टेप लावून मोजले. ते बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाले. त्या मधोमध पाचवी खुर्ची ठेवण्यात आली आहे.